मामू, हे विकत मिळतं का?

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. तो कार्यक्रम आमच्या घरात सगळ्यांनी टीव्हीसमोर मांडी घालून पाहिला. आमचं घर ओझरजवळ, नाशिक जिल्ह्यात. विमानाच्या कारखान्याला आमच्या भागात कुणी एचएएल म्हणत नाही, नुसतं ‘मिग’ म्हणतात. अमक्याचा मुलगा मिगमध्ये लागला, तमक्याला मिगची पेन्शन आहे, असं. माझे अब्बा मिगमध्ये फिटर होते. एचएएलनं सहाशेहून अधिक मिग-२१ देशात बनवली. त्यातल्या कितींना अब्बांचा हात लागला, ते त्यांनाही सांगता येत नाही. आता ते पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कानानं कमी ऐकू येतं. रिव्हेटच्या आवाजानं कान गेले असं अम्मी म्हणायची. अब्बांना ते मान्य नाही. ते म्हणतात, कान तुझ्या बोलण्यानं गेले.

शेवटची विमानं आकाशातून गेली. अब्बा काही बोलले नाहीत. चहा तसाच गार झाला. तेवढ्यात माझा बारा वर्षांचा भाचा म्हणाला, ‘मामू, आता ही विमानं विकणार ना? आपल्याला एक घेता येईल?’

सगळे हसले. मी म्हटलं, ‘अरे, विमान म्हणजे काय जुनी बुलेट आहे?’ त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, मोबाइल काढला आणि समोर धरला. अमेरिकेतल्या एका पत्र्याच्या हँगरमध्ये एक मिग-२१ उभं होतं. बाजूला टी-शर्ट आणि टोपी घातलेला एक गृहस्थ हातात फडकं घेऊन ते पुसत होता. विमान त्याचं स्वतःचं. शेपटीवर ‘एन’ अक्षरानं सुरू होणारा नंबर, आपल्याकडे एमएच-१५ असतो तसा.

मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. विमानाचं शास्त्र मला कळत नाही. कविता लिहिणाऱ्याला आकाश फुकट मिळतं, त्यात उडणाऱ्या वस्तूचं बिल कोण भरतं हे त्यानं कधी विचारलेलं नसतं. पण त्या रात्री झोप लागेना. पुढचे काही महिने मी या एका गोष्टीच्या मागे लागलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत सामान्य नागरिकाला निवृत्त लढाऊ विमान विकत घेता येतं, नोंदवता येतं आणि उडवताही येतं. गंमत अशी, की तिथल्या माणसाला स्वतःच्या देशाचं विमान मिळणं अवघड आणि शत्रूचं मिळणं सोपं. अमेरिकन हवाई दल आपली निवृत्त विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात, टुसॉन शहराजवळ, ओळीनं उभी करून ठेवतं. तिथली हवा कोरडी, गंज लवकर चढत नाही. त्यातली लढाऊ विमानं सहसा धडधाकट अवस्थेत बाहेर विकली जात नाहीत, तोडली जातात. एफ-१४ हे नौदलाचं विमान २००६मध्ये निवृत्त झालं, तेव्हा बहुतेक विमानांचा अक्षरशः चुरा केला गेला. कारण तेच विमान इराणकडे होतं आणि सुटे भाग तिकडे पोचतील ही धास्ती. कॉलिंग्ज फाउंडेशन नावाच्या संस्थेला एक एफ-४ फँटम उडवायचं होतं, तर त्यासाठी अमेरिकन काँग्रेसमध्ये खास तरतूद करून घ्यावी लागली.

सोव्हिएत संघ मोडला आणि उलट्या दिशेनं बाजार भरला. पूर्व युरोपातल्या देशांकडे विमानं होती, पगाराला पैसे नव्हते. पंख वेगळे करून, कंटेनरमध्ये घालून विमानं अटलांटिकपार गेली. पोलंडमध्ये बनलेली मिग-१५ आणि मिग-१७, पाठोपाठ मिग-२१. सर्वांत लाडकं ठरलं ते चेकोस्लोव्हाकियात बनलेलं एल-३९ अल्बाट्रॉस. हे मुळात प्रशिक्षणाचं विमान. १९६८मध्ये पहिल्यांदा उडालं, दोन हजारांहून जास्त बनली. सोव्हिएत गटातल्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. आज ते अमेरिकेत दोन-तीन लाख डॉलरच्या आसपास मिळतं. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत साधं घर याहून महाग पडतं. पण घर एका जागी राहतं, त्याला तासाला पाचशे लिटर इंधन लागत नाही.

हे इंधन म्हणजे तरी काय? रॉकेलचाच सख्खा भाऊ. हे वाचलं आणि मला आमचं रेशनचं दुकान आठवलं. पाच लिटरचा पत्र्याचा डबा घेऊन मी दोन-दोन तास रांगेत उभा राहायचो, पुढच्याच्या डब्याला आपला डबा लावून. तसे शंभर डबे एका तासात. आणि एल-३९ म्हणजे खाण्यापिण्यात साधं विमान. मिगनं मागच्या बाजूला ज्वाळा काढायला सुरुवात केली, की मग विचारायलाच नको.

विमान नागरिकाच्या हातात जाण्याआधी त्याची नखं काढतात. तोफा, बॉम्ब अडकवायच्या यंत्रणा, सगळं काढून टाकतात किंवा कायमचं निकामी करतात. एक प्रश्न उरतो तो खुर्चीचा. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची दारूच्या नळकांड्यांवर चालते आणि त्या नळकांड्यांना औषधासारखी एक्स्पायरी असते. नव्या मिळवणं कष्टाचं आणि महागाचं. म्हणून काही मालक ती खुर्ची चालू ठेवतात, काही ती बंद करून नुसती बसायची खुर्ची करून टाकतात. लग्नातल्या सोफ्यासारखी.

मग येतो कायदा. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं या विमानांना ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणजे प्रायोगिक या वर्गात घातलं आहे, त्यातही प्रदर्शनासाठी म्हणून. तीस-चाळीस वर्षं सैन्यात झिजलेलं विमान कागदावर प्रायोगिक होतं. भाडं घेऊन प्रवासी न्यायचे नाहीत. वैमानिकाकडे त्या-त्या जातीच्या विमानासाठी वेगळी परवानगी पाहिजे. दाट वस्तीवरून जाण्यावर बंधनं. विमानाच्या दाराशी ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहायचा आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावायची, की हे विमान नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. म्हणजे, बाबा रे, बसतोस तर समजून बस.

ही पाटी माझ्या डोक्यातून जाईना. पुढे त्याकडे येतोच.

आधी मालकांबद्दल. खरं सांगतो, सुरुवातीला मला राग आला. माणसं मारायला बनवलेली वस्तू, आणि रविवारी सकाळी कुणी ती हौस म्हणून उडवतो! जेरेड आयझॅकमन हे अब्जाधीश गृहस्थ. २०२४मध्ये स्वतःच्या मोहिमेवर अंतराळात जाऊन आले, पुढे नासाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे मिग-२९ आहे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या संग्रहातलं हे विमान. अशा बातम्या वाचल्या की वाटतं, हा राजेरजवाड्यांच्या हत्तींचा प्रकार आहे. दारात झुलायला पाहिजे, बस.

पण सगळे असे नाहीत. आर्ट नॉल्स नावाचे अमेरिकन मरीन कोअरचे निवृत्त चाचणी वैमानिक आहेत. त्यांनी ब्रिटिश नौदलातून निघालेलं एक सी हॅरियर विकत घेतलं, मेरीलँडला आणलं, दुरुस्त केलं आणि २००७मध्ये आकाशात नेलं. सी हॅरियर म्हणजे जागच्या जागी वर उठणारं, हवेत थांबणारं आणि उभंच्या उभं खाली उतरणारं विमान. जगात तोवर असं विमान कुणाही नागरिकानं स्वतःच्या जिवावर उडवलं नव्हतं. त्यांच्याबद्दल वाचताना मला त्यांचा बँक बॅलन्स दिसला नाही, त्यांचे ग्रीस लागलेले हात दिसले. हे हात माझ्या ओळखीचे. अब्बा संध्याकाळी घरी येऊन लाल साबणानं हात धुवायचे, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. ईदच्या दिवशीसुद्धा.

सी हॅरियर आपल्याकडेही होती. आपल्या नौदलाची. विराटवरून उडायची, जमिनीवरचा त्यांचा मुक्काम गोव्यात दाभोळीला. २०१६च्या मे महिन्यात ती निवृत्त झाली. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एक उभं आहे, आम्ही सहकुटुंब पाहून आलो. समुद्राची खारी हवा, नारळाची झाडं आणि मध्ये ते विमान. भाच्यानं त्याच्या चाकाला हात लावला. ‘मामू, टायर कडक झालाय,’ म्हणाला. मेरीलँडचं विमान आणि बोगमाळोचं विमान, एकाच घराण्यातली भावंडं. एकाच्या नळ्यांतून तेल फिरत राहिलं, कुणीतरी रात्री जागून त्याचे आवाज ऐकत राहिलं. दुसऱ्यापुढे आम्ही फोटो काढले आणि काजू घ्यायला गेलो.

आपल्याकडे एवढंच होतं. खासगी माणसाला लढाऊ विमान उडवायला मिळत नाही. निवृत्त विमान संग्रहालयात जातं, चौकात खांबावर चढतं, एखाद्या कॉलेजच्या आवारात उभं राहतं. उरलेली भंगारात. चौकातल्या विमानाच्या पोटात कबुतरं घरटी करतात. शस्त्राचा याहून चांगला शेवट कवीला सुचणार नाही, पण विमान बनवणाऱ्याला तो बघवत नाही, हेही मी घरात पाहिलं आहे. २०२०मध्ये एक मजा झाली होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आवारात हवाई दलानं २००९मध्ये भेट दिलेलं मिग-२३ उभं आहे. कुणीतरी खोडसाळानं ते चक्क ओएलएक्सवर विकायला काढलं, किंमत जवळजवळ दहा कोटी. विद्यापीठाला खुलासा करावा लागला, की आम्ही काही विकत नाही. जुना फ्रिज, वापरलेली सायकल आणि मिग-२३, शेजारी शेजारी! भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘बघा, म्हणजे गिऱ्हाईक आहे.’

आता त्या पाटीकडे.

२४ सप्टेंबर १९७२. कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो. विमानांची जत्रा संपत आलेली. एक खासगी मालकीचं सेबर विमान, कोरियाच्या युद्धात मिगशी झुंजलं त्या जातीचं, उडायला निघालं. वैमानिकाला या जातीच्या विमानाचा अनुभव अगदी थोडा. विमानानं नाक उचललं, पण जमीन सोडली नाही. धावपट्टी संपली, कुंपण तुटलं, रस्ता ओलांडून ते समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानात घुसलं. २२ माणसं गेली. त्यात १२ मुलं. वैमानिक वाचला. त्यानंतर अशा वैमानिकांसाठीचे नियम कडक झाले.

२२ ऑगस्ट २०१५. इंग्लंडमधलं शोरहॅम. इथे हॉकर हंटर होतं. हंटर म्हटलं की आपल्या पिढीला लोंगेवाला आठवतं. १९७१च्या डिसेंबरात जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनी वाळवंटात रणगाडे टिपले होते. त्याच जातीचं, निवृत्त, खासगी मालकीचं विमान हवाई कसरतीत गोल फिरून खाली येत होतं. उंची कमी पडली. खाली ए-२७ नावाचा हमरस्ता. ११ माणसं मेली. काही जण रस्त्याकडेला थांबून कसरती बघत होते, पण काहींना तर आज विमानांचा खेळ आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. एक जण नवरीला आणायला गाडी घेऊन निघाला होता. दोन तरुण पोरं फुटबॉलच्या सामन्याला. वैमानिक गंभीर जखमी झाला, पण जगला. २०१९मध्ये न्यायालयानं त्याला सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. २०२२च्या डिसेंबरात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं निष्कर्ष काढला, की हे अकरा जण बेकायदेशीरपणे मारले गेले. दोन दालनं, दोन उत्तरं. घरच्यांनी कुठलं उशाशी घेऊन झोपायचं? अपघातानंतर ब्रिटनच्या विमान खात्यानं जुन्या जेट विमानांना जमिनीवर कसरती करायला बंदी घातली. सरळ जायचं, लोकांना दिसायचं, निघून जायचं.

आणि १३ ऑगस्ट २०२३, मिशिगन. खासगी मालकीचं मिग-२३. प्रेक्षकांसमोरून जाताना इंजिनानं अपेक्षित जोर दिला नाही. पुढे बसलेला वैमानिक काय बिघडलं ते पाहत होता, मागच्यानं खुर्चीचा दांडा ओढला. या विमानात एकानं ओढला की दोघंही बाहेर फेकले जातात. दोघं छत्रीनं तळ्यात उतरले, सुखरूप. खुर्च्या चालू होत्या म्हणून. विमान मात्र एकटंच पुढे गेलं आणि एका गृहसंकुलाच्या गाड्या लावायच्या जागेत पडलं. कुणी मेलं नाही. रविवारची दुपार होती. गाड्या होत्या, त्यात कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच.

मिशिगनच्या त्या दोघांना छत्री होती. आत बसणाऱ्याला धोका सांगणारी पाटी असते. खालच्या संकुलात कपडे वाळत घालणाऱ्या बाईला कुणी पाटी दाखवली होती? ‘बाई, हे विमान नेहमीचे नियम पाळत नाही, समजून राहा.’ तिच्या गच्चीवर अशी पाटी लावली नव्हती.

कुणी म्हणेल, सैन्याची विमानं पडत नाहीत का? पडतात. आमच्या घरात हा विषय जपून काढावा लागतो. ८ मे २०२३ला राजस्थानात हनुमानगडजवळ आपलं मिग-२१ एका घरावर पडलं. वैमानिक छत्रीनं उतरला. घरातल्या तीन बायका गेल्या. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. बातमीत विमानाचा नंबर सांगतात का, म्हणून रात्री उशिरापर्यंत टीव्ही लावून बसले. मी म्हटलं, नंबर कळून काय करणार? म्हणाले, ‘हमारे टाइम का था क्या, देखना था.’ चाळीस वर्षांपूर्वी ठोकलेल्या रिव्हेटचा जबाब कुणी त्यांना मागितला नव्हता.

मला फरक दिसतो तो इथे. सैन्याचं विमान आपल्या डोक्यावरून जातं, तेव्हा एक न लिहिलेला करार असतो. देश राखायचा आहे, त्याचा धोका सगळे मिळून वाहतात. करार एकतर्फी असेल, त्या तीन बायकांना तो विचारून केलेला नव्हता, हेही खरं. तरी विचारायला जागा आहे. संसदेत प्रश्न येतो, चौकशी बसते, शेवटी का होईना ते विमान निवृत्त होतं. विमान निवृत्त होतं तेव्हा हा करारही संपतो. मग तेच विमान कुणाच्या हौसेसाठी वर जातं, तेव्हा वजन तेवढंच, वेग तेवढाच, पेटणारं इंधन तेवढंच. फक्त खाली राहणाऱ्याच्या वाट्याला आता देशही नाही. एका माणसाचा रविवार आहे.

म्हणून बंदी घाला, असं मी म्हणत नाही. नॉल्ससारख्या माणसांनी जे सांभाळलं, ते कुठल्याही संग्रहालयाला जमलेलं नाही. यंत्राची आठवण चित्रात राहत नाही, चालण्यात राहते. त्यांनी समुद्रावर उडवावं, वाळवंटावर उडवावं, इंजिन चालू करून शाळेच्या पोरांना त्याची गरमी दाखवावी. वस्तीवर नको, हमरस्त्यावर नको. तिथे इंग्लंडनं घातलेला नियम मला पटतो, फक्त तो अकरा माणसांनंतर आला.

आणखी एक सांगायचं राहिलं. या विमानांचा दुसरा एक धंदा आता चालतो. अमेरिकेत खासगी कंपन्या जुनी लढाऊ विमानं घेऊन हवाई दलाला भाड्यानं देतात, सरावात शत्रू व्हायला. ड्रेकन नावाच्या कंपनीनं न्यूझीलंडची स्कायहॉक घेतली. टॉप एसेसनं इस्राएलची एफ-१६ घेतली, ती २०२१पासून ॲरिझोनात येऊ लागली. भाड्याचा शत्रू! दिवसभर शत्रुत्व करायचं, संध्याकाळी बिल पाठवायचं. यावर मी एक कविता सुरू केली होती, पण ती विनोदाकडे जायला लागली, म्हणून सोडून दिली.

परवा भाचा पुन्हा आला. या वेळी त्यानं मोबाइल थेट अब्बांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यात तोच अमेरिकन गृहस्थ, तेच मिग-२१, तेच फडकं. कानाशी ओरडून म्हणाला, ‘नाना, तुमच्यावालं! अमेरिकेत! अजून उडतंय म्हणतो!’

अब्बांनी चष्मा वर केला. चित्र हातभर लांब धरलं, मग जवळ घेतलं. पंखाच्या मुळाशी बोट ठेवून, बोटानं मोठं कसं करायचं ते विचारलं. बराच वेळ रिव्हेटच्या ओळी बघत होते. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. तसं काही नव्हतं.

‘उड़ेगा, क्यों नहीं उड़ेगा,’ म्हणाले. ‘पर अंदर का रबर कौन से साल का है, वो पूछ उसको.’